मागच्या खुर्चीतला आवाज

प्रिय पुनम,

परवा पुसेगावच्या सभेला मी आले होते. बायांमध्ये बसून तुला शोधत होते. पोस्टरवर तू, पत्रकावर तू, आणि स्टेजवर एकटे तुझे यजमान, विजयकुमारभाऊ. ‘मॅडमच्या घशाला तकलीफ आहे’ असं म्हणाले आणि पुढं अर्धा तास स्वतःच बोलले. तुझ्या घशाला काही झालेलं नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या व्हिडिओपासून, बारा दिवस झाले, तू घराबाहेर पडली नाहीस.

मला हिंगोलीच्या हॉस्टेलातली पुनम आठवते. भातात अळ्या निघाल्या तेव्हा ताट उचलून तडक वॉर्डन मॅडमच्या टेबलावर ठेवलंस. आम्ही तांड्यावरच्या पोरी तुझ्या पाठीमागं उभ्या, एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. नंतर खोलीत मी मॅडमची नक्कल करायची आणि तू पोट धरून हसायचीस.

जिल्हा परिषदेचा आपला गट बाईसाठी सुटला, तुला तिकीट मिळालं, तेव्हा मी तांड्यात साखर वाटली. मग तुझी पहिली सभा पाहिली. तू माईकसमोर, मागच्या खुर्चीत भाऊ. ते हळूच एक वाक्य सांगायचे, तू तेच म्हणायचीस. मध्येच ते कुणाला तरी ‘चहा सांग रे’ म्हणाले, आणि तूही माईकवर म्हणालीस, चहा सांग. लोक फिदीफिदी हसले. तुझा चेहरा मला बघवेना.

त्यावरूनच तो व्हिडिओ निघाला. तोंडभर पदर घेतलेली बाई भाषण करते, मागून पुरुषाचा आवाज येतो: रस्ते करू, पाणी आणू, म्हशीला चारा टाक, माझे मोजे कुठं हायत. ती सगळं तसंच म्हणत जाते. हसायचं होतं ते मागच्या आवाजाला. पण दोन दिवसांत कुणीतरी तो आवाज काढून टाकला आणि खाली तुझं नाव घातलं. राहिली नुसती एक येडी बाई, सभेत मोजे मागणारी. समोरच्या पार्टीच्या गाड्या तेच भोंग्यावर लावून फिरून राहिल्या. पोरं तुझ्या पोस्टरला मोजे अडकवतात.

त्या दिवशी तुझा फोन आला होता. ‘शिले, कोण असंल गं ही बाई?’ मी म्हणाले, काय म्हाईत. त्यानंतर तुझा फोन नाही. तू आवाज ओळखला होतास का? तेव्हापासून फोन वाजला की वाटतं तूच असशील, आणि तू नसलीस की आणखी भीती वाटते.

व्हय पुनम, ती मीच. मागचा आवाज आमच्या ह्यांचा, रामप्रसादांचा. पडवीत बसून हसत हसत केला आम्ही. वाटलं होतं, लोक हसतील, भाऊंना लाज वाटेल, आणि ते मागची खुर्ची सोडतील. झालं उलटंच. ते पुढं आले आणि तूच घरी बसलीस. मी माझा व्हिडिओ काढून टाकला, पण तो कापलेला अजून घरोघर फिरतोय.

उद्या दुपारी आमच्या तांड्यावर तुमची शेवटची सभा आहे. त्यात मी उभी राहून सांगणार आहे की ती बाई मी, आणि मी पुनमला हसले नव्हते. हे ज्या शाळेत शिकवतात ती भाऊंच्या संस्थेची, नोकरी अजून कायम नाही. सकाळी हे म्हणाले, ‘काहून आपल्या हातानं चूल विझवून राहिली?’ तरी मी उद्या बोलणारच. पण चार लोकांत कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माझ्या सासूबाई, रुख्मिणीबाई, ते फक्त तुझ्याच हातात देतील. माफ कर असं म्हणायला तोंड नाही. एवढंच मागते, उद्या ये. मी बोलले की सगळे माझ्याकडं वळतील, गोंधळ होईल, भाऊसुद्धा रागानं स्टेजवरून खाली येतील. तेवढा वेळ माईक मोकळा असेल.

तू आलीस, न आलीस, तरी तुझीच,
शिला