आबांची खाच

१० मार्च १९६९, सोमवार

गाडी आजही उशिरा आली. केळी फैजपूरची, भरली वेळेवर, पण धुळ्याच्या बाजारात पोचली सौदे उरकल्यावर. वना ड्रायव्हर सांगतो, एक्सलेटर तळाला टेकवला तरी गाडी आधी विचार करते, मग हलते. पारोळ्याच्या पुढे चढावर एका बैलगाडीवाल्याने त्याला चालता चालता तंबाखू दिली म्हणे! हसू आले. पण हसण्यासारखे नाही.

केळीचे व्यापारी मिश्रीलालशेठ रागावले नाहीत. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघतो, मग केळीला दुसरी गाडी लावीन, एवढेच म्हणाले. हे काम गेले तर गाडी विकणे आले. हा ट्रक माझ्या मुलाचा, चुडामणचा. तो ऑक्टोबरात काविळीने गेला. तेव्हापासून ही, त्याची आई, रोज सकाळी गाडीची पुढची काच पुसते. एक दिवस चुकली नाही. तिला अजून सांगितलेले नाही.

१३ मार्च

फिल्टर बदलला. फरक नाही.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली नाही, वर्षाच्या आत आहे. साखरेचा हार मात्र हिने आणला आणि गाडीच्या आरशाला बांधला. दुपारपर्यंत मुंग्या लागल्या.

२४ मार्च

पंप उतरवून तपासला, नोझल साफ केले, रॉड हलवून बघितला. सगळे ठीक. आमच्या देवपुरातला मेकॅनिक शेवटी म्हणाला, ही मूळची मिलिटरीच्या लिलावातली पेट्रोल गाडी, हिला डिझेल इंजिन ज्याने बसवले त्यालाच हिच्या पोटातले माहीत. अशा प्रत्येक गाडीची मांडणी वेगळी असते.

ज्याने बसवले तो नासीर. जळगावला त्याचे वर्कशॉप आहे. चुडामणचा दोस्त. दोघे सहा महिने खपत होते. चुडामण गेल्यावर दहाव्या दिवशी तो आला आणि आमच्या ओट्यावर तासभर बसून राहिला. मी आतल्या खोलीत होतो. उठलो नाही. त्याने चुडामणचे नाव काढले असते, तर ते मला ऐकवले नसते. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

२९ मार्च

शेठकडे गेलो होतो. म्हटले, गाडी पहिल्यापासून शांतच आहे. चुडामण मला दर महिन्याला लेकीकडे फैजपूरला न्यायचा, पण मांडीवरचा चहाचा पेला कधी हिंदकळला नाही. नोकरीत शेते मोजत हिंडून माझी पाठ गेलेली, तरी कधी धक्का म्हणून बसला नाही. शेठना खोकला आला. मग म्हणाले, “आबा, तुम्ही गाडीत असताना.”

वना बाहेर उभा होता. तो सरळच बोलला. “भाऊनी गाडी तर इमान व्हती, आबा.” विमानच म्हणे. वना तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर होता, सोनगीरच्या रस्त्यावर चुडामणने त्याला दोनदा मागे टाकले होते, आणि वर हात हलवून गेला.

दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट असेल असे वाटले. वना थोडा वाढवून सांगतो.

५ एप्रिल

हिला सगळे सांगितले. म्हणाली, नासीरकडे जा.

१२ एप्रिल, शनिवार

वनाला घेऊन जळगावला गेलो. नासीरने मला पाहिले, हातातला पाना खाली ठेवला, खुर्ची पुसून दिली. ओट्याचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

गाडीखाली गेला आणि लगेच बाहेर आला. जमिनीवरच बसून राहिला.

“आबा, बिघाड नाही. ही तुमची खाच आहे.”

मला समजले नाही. मग त्याने मला वाकवून दाखवले. पेडलचा रॉड एका लोखंडी पट्टीला अडकतो. पट्टीला दोन खाचा आहेत. आतल्या खाचेत रॉड असला की गाडी पळते. टोकाच्या खाचेत असला की पाय कितीही दाबा, पंपाचा दांडा अर्धाच सरकतो. टोकाची खाच चुडामणने नंतर नासीरकडून पाडून घेतली होती. माझ्या पाठीसाठी. मी बसायच्या आधी रॉड तिकडे, मी घरी उतरलो की पुन्हा इकडे.

“म्हणायचा, आबांना वाटू दे, पोरगा सावकाश चालवतो.”

मी उतरून ओट्यावर चढलो की तो गाडीखाली वाकायचा ते मी दर वेळी बघायचो. मला वाटे, ऑइल गळते का ते बघतो. शेवटच्या खेपेला वाकला नाही. अंगात कणकण आहे, गाडीचे उद्या बघतो म्हणाला. तो ताप उतरलाच नाही.

म्हणजे वना इतके महिने माझ्या खाचेत गाडी चालवत होता.

नासीरने विचारले, बदलू का? हो म्हटले. मग चहा मागवला. तो चुडामणच्या गोष्टी सांगत राहिला. एरंडोलच्या फाटकाची, पोलिसाच्या टोपीची. दोन तास बसलो होतो. हसलोही. निघताना त्याला म्हटले, त्या दिवशी मी घरातच होतो. “माहीत आहे, आबा,” म्हणाला.

१५ एप्रिल

गाडी सौद्याच्या आधी तासभर बाजारात हजर! शेठनी दुसऱ्या गाडीचा विषय काढला नाही. केळीचा एक घड घरी पाठवला. हिला खाचेचे सांगितले. चुडामण गाडी पळवायचा हे तिला आधीपासून माहीत होते. तोवर काच पुसून झाली होती, तिने पुन्हा पुसली.

१७ एप्रिल, फैजपूर

आखाजीसाठी लेकीला घ्यायला आलो. सकाळी देवपुरात मी गाडीत चढत होतो, तर वना पाना घेऊन खाली वाकलेला. “आबा, तुम्ही बठी राहिनात ना, खाच बदलस.”

म्हटले, राहू दे. पाठीला उशी घेतली आहे. चुडामण चालवायचा तशी चालव.