पिशवी मी बदलते

प्रिय,

पुढे तुझं घरातलं नाव लिहायला गेले आणि पेन अडलं. नुसतं 'प्रिय' राहू दे. सवयीचा शब्द आहे, मनावर घेऊ नकोस.

मी बरी आहे. खोली चष्म्याच्या दुकानाच्या वरच मिळाली. न्हाणीघर लहान आहे, पण कडी आतून लागते. दुकानाच्या मालकांनी मला पुन्हा कामावर घेतलं, आता काउंटरवर. काचा घासणं आता होत नाही, पण गिऱ्हाईकाच्या नाकावरून चष्मा घसरतोय की नाही, हे मला अजून लांबूनही कळतं. तू तुझ्या ताईंकडून निरोप पाठवलास, "तिची पिशवी कोण बदलतं, तेवढं विचारून ये." विचारलंस म्हणून सांगते. मी बदलते.

सकाळी, काही खायच्या आधी. गाऊनचं टोक दातात धरते, आरसा बेसिनवर टेकवते. पोटावरची जुनी पिशवी ओल्या फडक्याने कातडी दाबत दाबत हळूहळू सोडवते. ओढत नाही. तू ओढायचास. मापाचं भोक आधीच पाडलेल्या पिशव्या मिळतात, त्यामुळे कात्रीची भानगडच नाही. डाव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत, पण मनगटाने दाबता येतं. पिशवी मांडीवर ठेवून मनगटाखाली दाबायची आणि उजव्या हाताने मागचा कागद सोलायचा. मग खालून वर चिकटवायची आणि तळहाताची ऊब देत थोडा वेळ बसून राहायचं. शिकताना एक पिशवी माझ्याच केसांना चिकटली होती. मी आणि सिस्टर पोट धरून हसलो. मला तर पोट खरंच धरावं लागलं. त्या पिशवीवर हसता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्या घरात तिच्या वाट्याला फक्त उसासे आले.

त्याच सिस्टर दवाखान्यात मला शिकवायला आल्या होत्या. अपघातानंतर शुद्धीवर येऊन मला आठवडाही झाला नव्हता. हात लुळा, आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं. त्या म्हणाल्या, एका हाताने जमतं, वेळ लागेल. तू त्यांच्या हातातून कात्री काढून घेतलीस. "हिला कशाला त्रास? मी आहे ना जन्मभर." आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

आणि तू केलंस. नाक न मुरडता केलंस, ते मी नाकारत नाही. पण केल्याचं सांगायचासही. घरी चार माणसं जेवायला आली की पहिला घास घशाखाली उतरायच्या आत तुझं सुरू, "वास? अहो, सवय होते. माणूस आपलं म्हटलं की सगळं आलं." मी समोरच बसलेली असायचे. तुझे मित्र म्हणायचे, वहिनी, नशीब काढलंत. मी मान डोलवायचे. घास मात्र ताटातच राहायचा.

मालकांचा फोन आला तो दिवस तू विसरला असशील. काउंटरवर बसाल का, असं ते विचारत होते. मी हरखले. तू म्हणालास, "दुकानात फुटली तर कोण धुणार? मालक?" मी म्हटलं, मी शिकेन. त्यावर तू उठलास. शर्ट चढवलास, चपला घातल्यास. पिशवीची कड सुटायला लागली होती आणि ते तुला दिसलं होतं. मी हाक मारली. पुन्हा मारली. जिन्यात तुझी पावलं थांबलेली मी ऐकली. मग ती खाली उतरली.

तू संध्याकाळी आलास. मी न्हाणीघरात फरशीवर बसून होते, मांड्या बरबटलेल्या, कातडी भाजल्यासारखी लाल. तू दारात उभा राहून, आवाज जराही न चढवता म्हणालास, "बघ. मी नसलो की काय होतं." मग पाणी तापवलंस आणि मला तान्ह्या पोरासारखं पुसलंस. इतक्या मायेने, की मला ओरडताही येईना. लाथ मारली असतीस तर चार लोकांना वळ तरी दाखवता आला असता.

दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला गेलास आणि मी सिस्टरना फोन लावला. त्या दुपारच्या येत राहिल्या. मला जमायला लागलं, तरी मी तुला बदलू देत होते. खोली मिळेपर्यंत. छताकडे बघत पडून राहायचे आणि तू म्हणायचास, हल्ली किती शहाण्यासारखी वागतेस.

आता मुद्द्याचं. काल ताई निमंत्रण घेऊन आल्या. दवाखान्यात पेशंटांचा मेळावा आहे, त्यात 'आदर्श जोडीदार' म्हणून तुझा सत्कार, आणि खाली छापलंय, सपत्नीक. एवढा एक दिवस येऊन शेजारी बस, मग तुला हवं ते कर, असा तुझा निरोप. समोर कोण बसणार आहे, याचा विचार केलास? नुकती ऑपरेशनं झालेल्या बायका, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे नवरे, तुझ्याकडून धडा घ्यायला. म्हणून हे पत्र. सत्कार नको, असं तू आजच दवाखान्याला कळव. कारण काय द्यायचं ते तुझं तू बघ, गोड बोलणं तुला जमतं. नाही कळवलंस तर मी येईन. चांगले कपडे घालून येईन, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. आणि त्यांनी रीतीप्रमाणे "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला" म्हटलं, की उठेन. दोन शब्दांत आटपणार नाही.

तुझीच,
कागदोपत्री, अजून तरी