उंबऱ्याजवळचं ताट

॥ श्री ॥
जानेफळ, २६ डिसेंबर १९६६

ती. सौ. शरयूताईस,
रमाकांतचा शि. सा. न. वि. वि.

अन्नपूर्णाकाकूंनी काल सकाळी ताटावरचं फडकं उचललं आणि त्याच घटकेला माझं सगळं बदललं. आता नीट ऐक, आणि मधेच हसू नकोस.

परवा दवाखान्यातल्या सोजराबाई नर्स दरवर्षीसारखा नाताळचा फराळ घेऊन आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली आहे, आणि नाताळालाच नातीचं नाव ठेवायचं होतं. आई असती तर तिनं त्या लेकीची ओटी भरली असती, म्हणून आबांनी आईच्या पेटीतून हिरवा खण काढला, नारळ आणला, रेशनच्या साखरेतून पुडा बांधला, वर सुपारी आणि हळकुंडं. दुसरं ताट शेजारच्या इंद्रभानकाकांचं. चंपाषष्ठीच्या वांगेसटीला काकूंनी त्यातून भरीत-रोडगे पाठवले होते. ताट रिकामं परत जाऊ नये म्हणून आबांनी त्यात शाळेच्या बागेतले पेरू रचले. दोन्हीवर एकाच जुन्या धोतराची फडकी. मला बजावलं की उंबऱ्याजवळचं इंद्रभानकडे, चुलीजवळचं नर्सबाईंकडे. मग चौथीच्या सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे पसरायला जागा हवी, म्हणून स्वतःच ताटांची उचलठेव करून बसले. मला काय माहीत? मी उंबऱ्याजवळचं उचललं.

काकूंनी फडकं काढलं तर खण, नारळ, साखरेचा पुडा! त्यांची चारुलता ओट्यावर मेथी निवडत होती. ती जुडी तशीच टाकून आत गेली. काकू म्हणाल्या, काऊन रे, बापाच्या पायाले काटा रुतला का, नवरदेवच आपली मागणी घेऊन आला? इंद्रभानकाका मात्र हसले नाहीत. मुंडाशानं घाम पुसत त्यांनी विचारलं, हे गुरुजीनं पाठवलं का म्हणून.

ताटं बदलली, एवढंच म्हणायचं होतं. ताई, मी मान डोलावली आणि म्हणालो, हाव.

तिच्यापायी मी अमरावतीहून कसा आलो ते तुला ठाऊकच आहे. रोहिणखेडचे पाहुणे तिला बघायला आले असं कानावर आलं, अर्ध्या पेपरातून उठलो, देखरेखीवरचे सर आडवे आले तर उत्तरपत्रिका त्यांच्या अंगावर फेकली आणि एस.टी. धरली. इथे येऊन कळलं की पाहुणे काकांची बैलजोडी बघायला आले होते.

आता येत्या रविवारी काका आबांशी बोलायला घरी येणार आहेत. आबांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी नारळ परत मागितला तर माझं जे व्हायचं ते होवो, पण सारं गाव तिला विचारील की आलेला नारळ माघारी काऊन गेला. ते तुझं ऐकतात. त्याआधी त्यांना दोन ओळी लिही. एवढं केलंस तर जन्मभर तुझी वाकडी मर्जीही गोड मानून घेईन.

तुझा,
रमाकांत


॥ श्री ॥
जळगाव जामोद, २९ डिसेंबर १९६६

चि. रमाकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसू नकोस म्हणालास, पण तव्यावरची भाकरी करपली ती तुझ्यामुळेच. तुझे भाऊजी म्हणतात, आमच्या वेळी असं सुचलं असतं तर बैठकींचा चहा वाचला असता. बबनला दात येऊन राह्यले, रात्रंदिवस रडतो. तुझं पत्र वाचताना तेवढा गप्प होता, मामाचं शहाणपण त्यालाही पटलेलं दिसतं.

पण हसून झाल्यावर मला त्या पोरीचंच वाटत राहिलं. तिला कोणी विचारलं का रे? तू नाही, काकू नाही, काका नाही. तुझ्या एका ‘हाव’वर तिचं नाव गावात फिरायला लागलं.

मी आबांना लिहिणार नाही. त्यांना हे दुसऱ्याकडून कळलं तर ते बोलणार नाहीत, नुसते जेवण कमी करतील, आणि ते तुला जास्त लागेल. पेपर तपासून व्हायची वाट पाहू नकोस, त्यांचे पेपर कधी संपत नाहीत. समोर बसून सांग. आणि आवाज चढवू नकोस.

जिभेला लगाम आणि ताईवर माया, दोन्ही शाबूत ठेव.

तुझी,
शरयू


॥ श्री ॥
जानेफळ, २ जानेवारी १९६७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. आबा गणिताचा पेपर तपासत होते. हातातला पूर्ण केला, बेरीज दोनदा पाहिली, लाल पेन्सिल कानावर ठेवली. मला वाटलं आता नारळाचं निघेल. त्यांनी आधी विचारलं की अमरावतीचे ते सर वयानं केवढे होते. मी म्हटलं, तुमच्याएवढे असतील. मग तपासलेला पेपर गठ्ठ्यात सरकवला. शेवटी म्हणाले की ताटं मीच हलवली, तेवढी चूक माझी, हाव तुझा.

काका येईपर्यंत थांबलेच नाहीत. टोपी घातली आणि मला घेऊन निघाले. काकांच्या ओट्यावर बसून सरळ सांगितलं की नारळ नर्सबाईंच्या लेकीचा होता, चुकून इकडे आला, मास्तर आहे, खोटं बोलणार नाही. काकूंचा चेहरा उतरला, माझा तर विचारूच नको. पण आबा पुढे म्हणाले की चुकून आला तरी तुमच्या मनात असेल तर मी तो माघारी नेणार नाही, चारुलतेहून चांगली सून मला शोधूनही मिळणार नाही.

काका म्हणाले, मास्तर, तुमच्या घरात लेक द्यायले माही ना नाही, पण हे पोरगं कागदं फेकून पळून येते. उद्या संसार फेकून पळालं, तर मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? ताई, माझं डोकं फिरलं. मी उठणार तेवढ्यात आबांनी माझा गुडघा असा दाबला की अजून दुखतो. मग ते म्हणाले, आपण बोलून राह्यलो, पण जिचं आहे तिलेही विचारा.

ती दाराआडून बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाली, नारळ देवाजवळ राहू द्या. त्यानं अमरावतीले जावं, त्या सरायची माफी मागावी, परीक्षा द्यावी, मग माही ना नाही. अन् मधात पळून आला, तर त्याच नारळाची चटणी वाटीन अन् साऱ्या गल्लीले वाढीन. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. काकांनाही शेवटी मिशीत हसू आवरेना.

परतताना दवाखान्यावरून आलो. आबांनी कामट्या आणि पतंगी कागदाचा एक तारा नर्सबाईंना करून दिला होता, तो नाताळ सरला तरी पडवीत टांगलेला आहे. वाऱ्यानं फिरला होता, तो आबांनी टाचा उंचावून सरळ केला. सोजराबाई म्हणाल्या की बाळंतिणीला पेरू फार आवडले, पुढच्या वर्षीही चुका. आबांनी दुसरा खण आणि नारळ त्यांच्या हाती दिला. बाळाचं नाव मार्था ठेवलं.

हे सगळं गोडच झालं म्हणशील. पण माफी? त्या माणसानं भर वर्गात माझा दंड धरला होता. मी पाया पडायचं? विचार केला की अंगाची लाही होते. तूच सांग, आणि माझ्या बाजूचं सांगता आलं तर बघ.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
रमाकांत


॥ श्री ॥
जळगाव जामोद, ५ जानेवारी १९६७

चि. रमाकांत यास अ. आ. वि. वि.

तुझ्या बाजूचं काही सुचत नाही. बबनला दात आला, तेवढीच चांगली बातमी. तिनं तुझ्याकडे दागिने मागितले नाहीत, नोकरी मागितली नाही, एक वाक्य मागितलं. तेही जड जात असेल तर तिनं चटणीच वाटावी, मला पाठवायला विसरू नये.

पत्र येईल ते अमरावतीचं यावं, या आशेवर माया लावून बसलेली,
शरयू


॥ श्री ॥
जानेफळ, ९ जानेवारी १९६७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं दिवसभर चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी आबांना ताप आला आणि चौथीचा वर्ग मला सांभाळावा लागला. एकाला पाणी, एकीची पाटी फुटलेली, मागचे दोघे मारामारीत, आणि पाढे म्हणायला कोणी तयार नाही. जेवणाच्या सुट्टीआधी माझा घसा बसला. एका पोरानं तोंड वेंगाडून दाखवलं तर माझा हात उठला होता. तो तसाच खाली घेतला. आबा तीस वर्षं हे करतात, आणि घरी येऊन भाकरी थापतात, माझी वाढून ठेवतात. संध्याकाळी मी भाकरी केल्या. एक नकाशासारखी झाली, आबांनी तीच मागून घेतली.

अमरावतीच्या सरांना काय म्हणायचं ते अजून जमलेलं नाही. पाठ करून गेलो तर तोंडावर विसरेन. जे येईल ते म्हणीन. राग आला तर तोही गिळीन. कॉलेज आज उघडतं. नाव कमी केलं असेल तर प्राचार्यांच्या दारात बसेन.

आबा आज पहाटेच बरं वाटतंय म्हणाले आणि शाळेत गेले. जाताना माझ्या पेटीची दोरी सोडून पुन्हा घट्ट बांधली.

मेहकरची एस.टी. स्टँडावर लागली असेल. परीक्षा होईपर्यंत मी इकडे फिरकणार नाही. तोवर तू आबांना लिहीत जा, आणि मला रागाची, लाडाची, कसलीही चार अक्षरं पाठव.

तुझाच,
रमाकांत

ता. क. जवळची वाट काकांच्या ओट्यावरून जाते. ती आता तिथे मेथी निवडत असेल, आणि तिला पाहिलं तर माझा काही भरवसा नाही. म्हणून दवाखान्याकडून लांबच्या वाटेनं जातो. हे दोन शब्द उभ्यानंच लिहिले, पेटी बाहेर आणून ठेवली आहे. मीही बाहेर आलो. दार ओढून घेतलं.