चार खात्यांपुरती सून

अजमान,
२ जानेवारी २००२

चि. सिद्धांत यास,
आशीर्वाद. धाकटा आहेस म्हणून द्यावे लागतात.

तुझं पत्र पोचलं. गल्फच्या सहा देशांच्या संघात येमेनला घेणार, म्हणून एडनमध्ये बसून तू आणि तुझी बायको आनंदात आहात. आता निकाल ऐक. मस्कतच्या बैठकीत त्यांना घेतलं ते आरोग्य, शिक्षण, कामगार आणि फुटबॉल एवढ्या चार खात्यांपुरतं. दिवाणखान्यात नाही, व्हरांड्यात. रास अल खोरच्या आमच्या गोदामात स्टोअरकीपर खैरुद्दीनने अरबी पेपर वाचून सांगितलं तेव्हा सगळे हसले.

आणि बरोबरच केलं त्यांनी. सहा जणांचं खाणंपिणं, राहणीमान एका वळणाचं. तिथे सातवा गरीब, माणसांनी खच्चून भरलेला आणून बसवला तर काय होणार? मोठ्या ठरावाला सगळ्यांची संमती लागते. सहांचं जमता जमत नाही, सातव्याने नकाराची मान हलवली की खलास.

आपल्या घरातही मोठी गोष्ट सगळ्यांच्या होकाराने करायची, ही बाबांच्या वेळेपासूनची पद्धत. तू ऑक्टोबरात तिथे परस्पर लग्न उरकलंस आणि आम्हाला फोटो पाठवलास. आता लिहितोस, जहांआराची ही पहिली संक्रांत, रथसप्तमीपर्यंत दोघांना यायचंय, व्हिजिट व्हिसा काढ.

काढतो. १६ फेब्रुवारीला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि तुझी बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने यावं, औषध घालावं. पण १९ला रथसप्तमीचं हळदीकुंकू, मंडळाच्या पंचवीस बायका येणार. त्या दिवशी तिने खैरुद्दीनच्या बिऱ्हाडी थांबावं. स्वयंपाकघर आणि देवघर सोडून बाकी घरात तिला मज्जाव नाही. येमेनला मिळालं तेवढं तिला मिळतंय, कुरकुर नको.

लोभ आहेच, अटींसह.
उपेंद्र

*

एडन,
११ जानेवारी २००२

ती. दादास,
सा. न. नमस्कारात कमी करणार नाही, रागात तर मुळीच नाही.

बातमी इथल्यांनाही कळली. माझ्या लॅबमधला याकूब म्हणाला, जेवायला बोलावलं आणि हातात फुटबॉल दिला. माणसं वाढली की एकमत अवघड होतं, हे मलाही कळतं. पण उंबऱ्यावर उभा करून ठेवलेला माणूस पाहुणाही राहत नाही आणि घरचाही होत नाही. त्याला घ्यायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणावं.

होकाराचं म्हणशील, तर तुझं लग्न ठरलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. सुजातावहिनी येणार म्हणजे आतली खोली माझ्या हातून जाणार, म्हणून मी नाही म्हणालो आणि दोन दिवस जेवलो नाही. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझी गादी बाहेर टाकली. वहिनी पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात वावरली. माझा नकार चालला नाही आणि तुझा मात्र चालावा, हे कुठल्या पद्धतीत बसतं?

तुझं पत्र जहांआराला हिंदीत वाचून दाखवलं. खैरुद्दीनकडे थांबण्याचा भाग मी गाळला, तर माझ्या तोंडाकडे बघून तिने तोही काढून घेतला. ती म्हणते, डोळा कुणासाठी थांबत नाही, मी जाणार. मी म्हणतो, अशा अटीवर पाऊल टाकायचं नाही. तीन दिवस आमच्यात अबोला आहे. तुझ्यामुळे.

लोभ असावा, असं लिहायला आज हात उचलत नाही.
सिद्धांत

*

अजमान,
२० जानेवारी २००२

सिद्धांत,
आशीर्वाद गृहीत धर.

इमिग्रेशनसमोरच्या टायपिंग सेंटरमध्ये अरबी अर्ज करून घ्यायला गेलो होतो. टायपिस्ट नूरुद्दीनने विचारलं, ही बाई तुमची कोण लागते? मी सांगितलं, आईसाठी येणारी नर्स. त्याने मशीनवरचे हात उचलले. हा नातेवाइकांचा अर्ज आहे म्हणाला, नातं नसेल तर होणार नाही. रांगेतले लोक बघत होते. मी तुझ्या एकट्याचा अर्ज टाकून परत आलो.

यावर आईने ऑपरेशनच नको म्हणून हट्ट धरलाय. उजव्या डोळ्याने तिला दार आणि खिडकी यांतला फरक कळत नाही. डॉक्टर म्हणतात, आता आणखी लांबवू नका. तिचं काही बरंवाईट झालं तर ते तुमच्या दोघांच्या माथी.

उपेंद्र

*

अजमान,
२८ जानेवारी २००२

चि. सौ. जहांआरा हिस,
सासूचे भरभरून आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे आणि ओळी एकमेकींवर चढल्यात. सिद्धांतकडून वाचून घे. त्याने काही गाळलं, तर मागच्यासारखंच त्याच्या तोंडाकडे बघ.

त्याचं पत्र सुजाताने मला वाचून दाखवलं. आपल्या येण्याला धाकट्या दिराचा विरोध होता, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. ती उठली आणि वाणाच्या डब्या कपाटात ठेवून आली. घरची सून बाहेर ठेवून हळदीकुंकू करणार नाही, असं तिने उपेंद्रला सांगितलं. त्या दिवसापासून घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

काल मी नात इशिताचा हात धरून उपेंद्रबरोबर त्या टायपिंगवाल्याकडे गेले. उपेंद्रला म्हटलं, तू नातं सांगेपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही आणि ऑपरेशनच्या टेबलावर झोपणारही नाही. नूरुद्दीनने पुन्हा विचारलं, कोण लागते? उपेंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मागची माणसं यल्ला, यल्ला, चला आटपा, करायला लागली. शेवटी इशिता म्हणाली, ‘डॅड, जस्ट से इट.’ मग तो म्हणाला, ‘भाई की बीवी है.’

नूरुद्दीनने ते अरबीत टाइप केलं, उपेंद्रने खाली सही केली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठसुद्धा इशिताकडून मागतो. तो निवळेल असं मी तुला खोटं सांगणार नाही. तू आलीस तरी कदाचित तोंड फिरवून बसेल. तरी ये.

तुझे हलव्याचे दागिने तयार आहेत. नजर चालत नाही, म्हणून दाणे बोटांनी चाचपून ओवलेत. बिंदीत एखादा वाकडा असेल. काळी साडी सुजाताने आणली आहे. नर्सचे कपडे मात्र आणू नकोस. औषध घालायला इथे पुष्कळ जण आहेत. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर पट्टी काढतील, तेव्हा तू साडी नेसून, दागिने घालून माझ्या समोर बस. उपेंद्र मागे कुठेतरी उभा असेलच. तो नंतर दिसला तरी चालेल.

लोभ आहे. अट नाही.
तुझी सासू,
मृणालिनी