मार्टिनीचं मधलं कडं

सोमवार, १२ जानेवारी २००९
सकाळी अकरा चाळीस. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. जुन्या बंदुका विकणाऱ्या गॅलरीवाल्याचा फोन, आवाज तुपात घोळवलेला. "गुड न्यूज, मॅडम. तिन्ही कडी काढून टाकली. आता रायफल एकदम ओरिजिनल दिसते."
विचारलं, कोणाला विचारून? "फॉर द मार्केट, मॅडम."
उम्म राशिदच्या, म्हणजे राशिदच्या आईच्या (पुढे उ. रा.) घरची मार्टिनी रायफल. एका वेळी एकच गोळी, काळ्या दारूचं अंगठ्याएवढं पितळी काडतूस. शंभर वर्षांहून जुनी. उ. रा.च्या सासऱ्यांच्या लग्नात तिच्यावर चांदीचं पहिलं कडं चढलं, उ. रा.च्या लग्नात दुसरं, मुलाच्या, राशिदच्या लग्नात तिसरं. २६ फेब्रुवारीला नातवाचं लग्न. नवरामुलगा सैफ इथल्या रीतीने ती हातात घेऊन नाचणार, चौथं चढणार. आणि या गृहस्थाने तिला केळ्यासारखी सोलली!
फोन मला का, तर उ. रा.च्या नवऱ्याच्या, आमच्या अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या ऑफिसात मी पंचवीस वर्षं सेक्रेटरी होते. त्यांच्या जुन्या बंदुकांची वही माझ्या हातची.
संताप संताप. दुपारी झोप मात्र छान लागली.

मंगळ. १३ जाने.
राशिदला फोन. दोन टॉवरची कामं बंद पडल्यापासून तो घरातल्या पंख्याकडेसुद्धा भाव विचारल्यासारखा बघतो. आईने फक्त किंमत काढायला हो म्हटलं होतं, विकायला नाही.
"आंटी, गॅलरी सेड, सिल्व्हर ब्रिंग्ज द प्राइस डाउन. मैंने बोला, जो करना है करो, खलास."
"भाव चढता हो तो अम्मा की चूड़ियाँ भी उतारोगे?"
फोन ठेवला त्याने. माझ्या टेबलाखाली बसून चकल्या खाल्लेला मुलगा. त्याला गप्प कसं करायचं हे मला ठाऊक आहे.

शनि. १७ जाने.
शारजाच्या जुन्या बाजारात खमीसकडे. ओमानी म्हातारा, अरबाबांच्या वेळचा जुन्या बंदुकांचा दुकानदार. समीरने सोडलं, कुरकुरत. (स्वतःच्या आईला गाडीतून न्यायचं तर याला पार्किंग आठवतं.)
खमीसला गॅलरीचा कागद दाखवला. कड्यांसह नऊ हजार दिरहम, कड्यांशिवाय बारा. बंदुकीत नंतर काहीही जोडलं की परदेशी शौकिनांच्या लेखी ती बिघडली.
खमीस बोळकं पसरून हसला. "मेरे पास उल्टा है. कड़ा है तो पंद्रह. नहीं है तो आठ. लोहा सबका एक है मॅडम, शादी तो अपनी-अपनी है."
आणि बाराला घेणारे परदेशी म्हणे मंदी आल्यापासून फोनच उचलत नाहीत. पंधरावाले फुजैराकडचे, डोंगरातले. त्यांच्याकडे लग्नं चालूच आहेत.
समीर परतताना मोठ्याने: "पंधरा म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये! एका जुन्या नळीचे!" कुरकुर बंद.

बुध. २१ जाने.
गॅलरीची मेल. सोबत माझ्याच वहीच्या पानाचा फोटो. ही वही राशिदनेच बंदुकीबरोबर दिलेली. "तीन चांदीची कडी. मूळची नाहीत, नंतर बसवलेली." खाली माझी सही, शाळेतल्या सिस्टरने पट्टी मारून शिकवलेल्या तिरक्या अक्षरात. गॅलरीवाला लिहितो, आपल्याच नोंदीच्या आधारे आम्ही...
नोंद बरोबरच आहे. कधी बसवली, कोणाच्या लग्नात, यातलं एक अक्षर नाही. तेव्हा वाटलं, घरात सगळ्यांना माहीतच आहे की.
नातीने, तनयाने खांद्यावरून वाचलं. "आजी, यू लिटरली टोल्ड देम."
"गो अँड डू युअर मॅथ्स."
जेवण गेलं नाही. म्हणजे एक पोळी कमी.

शुक्र. २३ जाने.
उ. रा.कडे. सांगायलाच हवं होतं. नारळाच्या वड्या नेल्या, लाचच ती. वहीचं सगळं सांगितलं, माझ्यामुळे झालं म्हटलं.
तिने विचारलं, "तूने झूठ लिखा था?"
"नहीं."
"तो गहवा पी, ठंडा हो रहा है."
मग त्या कॉफीबरोबर वडी खात, दुसरीकडे बघत, "बीच वाला मेरा है. तीनों वापस चाहिए. बेचना नहीं है, पंद्रह दे या पचास." राशिद शेजारीच होता. मान डोलावली त्याने.
दोघी खूप हसलो नंतर, कशावर ते आठवत नाही. तिच्याकडची उन्हातली ती बाकं. तिथे बसलं की गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात.

गुरु. ५ फेब्रु.
बंदूक परत आली. सोबत पाकीट. पाकिटात दोन कडी.
मधलं नाही.
लाकडावर त्या जागी बोटभर फिकट पट्टा. उ. रा.ने त्यावर अंगठा ठेवला, बराच वेळ.  
गॅलरीला तिथूनच फोन. "वर्कशॉपमध्ये कुठेतरी असेल, मॅडम. नाही तर सिल्व्हर बाय वेट, साठ दिरहम. चेक पाठवतो."
साठ! वजनावर! मी म्हटलं, तुमच्या आईचं लग्न कितीला, किलोवर का?

सोम. ९ फेब्रु.
चेक आला. परत पाठवला. तीन फोन, तिन्ही वेळा "इन्शाल्ला, टुमॉरो."
मंदीत समीरच्या ऑफिसातल्या आणखी सहा जणांची नोकरी गेली. समीरची आहे. सुनेने साबुदाण्याची खिचडी केली, मोकळी, झकास. समीर म्हणतो, "आई, आता सोड ना."
कशाला सोडू? ऑफिस सुटल्यापासून दोन वर्षांत इतकी भूक लागली नव्हती.

रवि. १५ फेब्रु.
सकाळी आधी वही दुरुस्त केली. जुन्या नोंदीखाली तीन ओळी: पहिलं कडं कोणाच्या लग्नात, दुसरं कोणाच्या, तिसरं कोणाच्या. तारीख, सही. भावाचा रकाना कोरा ठेवला.
मग गॅलरीला पत्र, रजिस्टर्ड. उ. रा.ने अंगठा उमटवून शेजारी सही केली, राशिदनेही सही केली. इंग्रजीतून गेलं, त्याचा शेवट इथे मराठीत उतरवते:
"पहिलं आणि तिसरं कडं मिळालं. २६ फेब्रुवारीच्या लग्नासाठी चौथं सोनाराकडून तयार होऊन आलं आहे. दुसरं कडं कोणत्या वर्कशॉपमध्ये, कोणी, कोणत्या दिवशी काढलं आणि आज ते कुठे आहे, हे आम्हाला फोनवर नको आहे. गुरुवार, १९ फेब्रुवारी २००९, दुपारी एक वाजेपर्यंत लेखी उत्तर हवं."