तीन दिवसांची मुदत

४ मार्च
आजपासून सातचे तीन. शवागारात जागा नाही, म्हणून साहेबांचा नवा आदेश — बेवारस मृतदेह तीनच दिवस ठेवायचा. मग दहन, नाहीतर मेडिकल कॉलेजला द्यायचा. मसुदा मीच लिहिला. अक्षर चांगलं ना माझं! सकाळीच बसथांब्यावर मेलेला एक माणूस आलाय. पहिला नंबर त्याचा.

७ मार्च
कुणी आलं नाही. कॉलेजची गाडी घेऊन गेली त्याला. पन्नाशीचा असेल. 'नातेवाईक' या रकान्यात मी रेघ ओढली. शवागारातले मामा म्हणाले, "दाढी करून दिली त्याची. पोरं शिकणार त्याच्यावर. जरा बरा दिसू दे."

९ मार्च
बहीण आली. पाचव्या दिवशी!
साठीची बाई. दोन गाड्या बदलून आलेली. भाऊ भ्रमिष्ट, अधूनमधून घर सोडायचा, आपणहून परतायचा. म्हणून चार दिवस वाट पाहिली म्हणाली. कॉलेजला देताना काढलेला फोटो मी पुढे केला. तिनं गालावरून बोट फिरवलं.
"दाढी कुणी केली हो? मला हात लावू द्यायचा नाही."
मग हळूच, "मला उशीर झाला का?"
काय सांगणार? म्हटलं, "अंत्यसंस्कार झाले. सगळं नीट झालं."
"जवळ होतं कुणी?"
"मी होते."
गेलं तोंडातून! तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुझे उपकार गं पोरी." सोडेचना.

१० मार्च
ताट तसंच सारलं. आई वैतागली — "ऑफिस तिथंच ठेवून येत जा." हातच धुतेय सारखे.

१२ मार्च
साहेबांना म्हटलं, मुदत पुन्हा सात दिवस करा.
"एका बाईसाठी?"
मग तिला खरं तरी सांगू द्या, म्हटलं. ते चष्मा पुसत बसले. "कशाला? तिचा जीव शांत झालाय. बरं केलंस खोटं बोललीस." मायेनं म्हणाले. माणूस वाईट नाही. त्याचंच जास्त रडू आलं. जिन्यात उभी राहून रडले.

१३ मार्च
तिला फोन केला. दहन झालं नाही, मी कुठेच नव्हते, तो कॉलेजात आहे — सगळं एका दमात. आता शिव्या घालणार!
मग आवाज आला, "म्हणजे अजून आहे तो? हात लावू देऊ नकोस कुणाला. निघालेच मी."