मायसाठी घेतलेलं मशीन

प्रिय अक्षताताई,

सप्रेम जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, माय आहे. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण हातानं लिहिलेलं पत्र आता कुणाच्या घरी येत नाही, आणि आलं तर माणूस आधी वाईटच धरून चालतो. घरच्या पत्त्यावर न पाठवता अंगणवाडीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवतो आहे, म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल. फोन करून पाहिले. चार वेळा तू उचलला नाहीस, तीन वेळा दाजींनी उचलला आणि ‘ती कामात हाय’ एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर तू उचलला असतास तरी मी फक्त जेवणखाणाचं विचारून ठेवून दिला असता.

माय आमच्या पुढच्या खोलीत असते. पलंग खिडकीला लावला आहे, त्यामुळे तिला स्टेशनकडे जाणारा रस्ता दिसतो. ड्रेसिंग तृप्ती करते, सून असून. मला ते जमलं नाही. पहिल्या दिवशी पट्टी अर्धी सोडली आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो. तृप्ती शाळेतून येते, हातपाय धुते आणि सरळ मायजवळ जाते. पट्टी बदलताना वर्गातल्या पोरींच्या तक्रारी सांगत राहते, म्हणून मायचं लक्ष तिकडे राहतं. जेवण बेताचंच आहे. दर दोन दिवसांनी माय विचारते, ‘अक्षता आल्ती का?’ तिला वाटतं, ती झोपलेली असताना तू येऊन गेलीस आणि आम्ही तिला उठवलं नाही. मी ‘येईल’ म्हणतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तू आष्टीला गेलीस त्याला आता पस्तीस दिवस झाले, ताई. तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. तृप्तीला वाटतं दाजी सोडत नसतील. तसं नाही.

बाबा गेले तेव्हा मी नववीत आणि तू बारावीत होतीस. तू पुढचं शिक्षण सोडून अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलीस ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. पण मला वेगळंच आठवतं. बदनापूरला कॉलेजात ॲडमिशन घ्यायची होती तेव्हा फॉर्म तू भरलास, माझं अक्षर वाईट म्हणून. भरून झाला की बोट ठेवून एक-एक ओळ मोठ्यानं वाचायचीस आणि विचारायचीस, ‘हे खरं हाय का? बराबर हाय का?’ उत्पन्नाच्या रकान्यात शेजारच्या काकांनी कमी लिहायला सांगितलं तर तू त्यांना म्हणालीस, ‘खोटं लिवून काय भेटायचं, काका? आमचं खरंच लई कमी हाय.’ आपण किती हसलो होतो!

पुढे मला जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तू एकदा आली होतीस बघायला. प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले, किती कुजले ते लिहायचं आणि खाली सही करायची. दुसऱ्या वर्षी एका लॉटची उगवण कमी आली. साहेब म्हणाले, करून टाक सही, दोन-चार टक्क्यांचा तर प्रश्न आहे. मी केली नाही. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तू मात्र आष्टीच्या बाजारात भेटेल त्याला ते सांगितलंस. ‘आमचा राजू मोजल्याबिगर सही करत न्हाई.’ अजूनही आष्टीला आलो की कुणी ना कुणी ते बोलून दाखवतं. गेलं वर्षभर ते ऐकलं की मी विषय बदलतो.

मोबाइलवरचं ते काम मला आमच्या ऑफिसातल्या केदारनं दाखवलं. जोडधंदा म्हणायचा तो. आठ तासांची नोकरी करणाऱ्या, थकून येणाऱ्या माणसासाठीच हे आहे, दिवसाला वीस मिनिटं पुरतात, असं त्याचं म्हणणं. आपण फक्त एक पान उघडायचं, वस्तूंबद्दल चार चांगले शब्द लिहायचे आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. कुणी त्या लिंकवरून वस्तू घेतली की आपल्याला थोडं कमिशन. माल आपला नाही, पैसे गुंतवायचे नाहीत, कुणाच्या दारात जायचं नाही. मी ‘घरच्या घरी आरोग्य’ नावाचं पान काढलं. बीपीचं मशीन, वाफेचं मशीन, गुडघ्याचे पट्टे. एकही वस्तू मी हातात घेतली नव्हती. कंपनीनं इंग्रजीत लिहिलेलं उचलायचं, फोनकडून मराठी करून घ्यायचं, दोन ठिकाणी ‘मी स्वतः’ घालायचं. दुपारी डबा खाता खाता व्हायचं ते काम. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग केदार म्हणाला, तुझ्याकडे एक भारी गोष्ट आहे आणि तू ती वापरत नाहीस. त्यानं सांगितलं तसं मी पानाच्या वर लिहिलं: ‘मी प्रयोगशाळेत काम करतो. तपासल्याशिवाय काही सांगत नाही.’ त्या दिवसापासून लोक येऊ लागले.

शुगरच्या मशीनबद्दल लिहिताना मी एक वाक्य जास्तीचं टाकलं, ‘माझ्या आईसाठी मी हेच घेतलं आहे.’ तू ते वाचून जानेवारीत फोन केलास, आठवतं? हसत होतीस. ‘अरे राजू, मायसाठी घेतलं म्हणून लिवलंस, मायकडं तं काहीच न्हाई!’ मी ओशाळलो. सगळे असंच लिहितात, म्हणालो. तू म्हणालीस, ‘जाऊ दे. चल, तुझं खोटं खरं करते मी.’ आणि माझ्याच लिंकवरून ते मशीन मागवलंस. बाजारात त्याहून चांगली मशीनं होती. दाजी तेव्हाही म्हणाले होते की परतूरच्या मेडिकलमधून ओळखीचं घेऊ. तू माझ्यासाठी हे घेतलंस, मला चार पैसे मिळावेत म्हणून, आणि मायच्या नावानं लिहिलेलं खोटं पडू नये म्हणून.

मग दर सोमवारी सकाळी तू तिकडे आष्टीत मायचं बोट टोचायचीस आणि आकडा मला पाठवायचीस. एकशे अडतीस. एकशे बेचाळीस. एकशे एकोणतीस. खाली एक हसरा चेहरा. अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं लिहितेस तशा वहीत तारखा घालून सगळं लिहिलेलं. शुगर बराबर आहे म्हणून मायनं दुपारची गोळी सोडली, चहात पुन्हा साखर घेऊ लागली. तू रागावली नाहीस. का रागावशील? आकडे समोर होते.

आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये माझ्या पानावर, त्या मशीनच्या खाली, मधुवंती नावाच्या एका बाईंनी लिहिलं होतं. कुठल्या होत्या माहीत नाही. ‘दादा, या मशीनवर माझ्या सासऱ्यांची शुगर एकशे चाळीस दाखवत होती. लॅबमध्ये तीनशे साठ निघाली. तुम्ही तपासून सांगता म्हणून घेतलं होतं. कृपया लोकांना कळवा.’ मी ते कँटीनमध्ये वाचलं. पान खराब दिसतं म्हणून लपवून टाकलं. एका बोटाचं काम होतं. त्या क्षणी माय माझ्या मनात आली नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. आली होती. रविवारी ताईला फोन करून सांगू, एकदा लॅबमधून तपासून घे म्हणू, असं ठरवलं. रविवारी फोन लावला तर तू म्हणालीस, ‘थांब, मायशी बोल,’ आणि मायनं फोन घेऊन सांगितलं की अक्षतानं बाजारातून आंबे आणले, चार वर्षांनी मी रस खाल्ला, पोटभर खाल्ला. इतकी खूश होती! मी म्हणालो, खा माय. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारीही सांगितलं नाही. नंतर मला वाटू लागलं की त्या एकाच बाईंचं मशीन बिघडलेलं असेल. नंतर नंतर तर मी विसरलोच, ताई. खरंच विसरलो. मायचा पाय काळा पडेपर्यंत विसरलो.

दवाखान्यातला तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टाचेच्या भेगेतून सुरू झालेली जखम तिला कळलीच नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, घरी तपासत नव्हता का? तू पिशवीतून वही काढलीस, मशीन काढलंस. त्यांनी एकाच बोटाच्या रक्तावर दोन्ही मशीनं लावली. त्यांच्यावर चारशे बारा, तुझ्यावर एकशे सेहेचाळीस. डॉक्टरांनी वही तुझ्या हातात परत दिली आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागेल म्हणाले. मग बाहेर व्हरांड्यात, तृप्ती होती, दाजींचे भाऊ होते, सगळ्यांसमोर दाजी म्हणाले, ‘स्वस्तातलं घेतलं हिनं. खर्चा वाचवला. घ्या आता!’ तू भिंतीला टेकून म्हणालीस, ‘माझंच चुकलं.’ तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर कदाचित मी बोललो असतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हातात तुझ्यासाठी आणलेला चहा होता. मी तुला चहा दिला.

त्यानंतर मी काय केलं तेही सांगतो, पण त्याचा काही उपयोग झाला असं समजू नकोस. पान बंद केलं. बंद करण्याआधी पाहिलं तर माझ्या लिंकवरून ते मशीन एकतीस लोकांनी घेतलं होतं. दुकान फक्त आकडा दाखवतं, नावं दाखवत नाही. एक तू. बाकीचे तीस कोण, कुठल्या गावचे, कुणाच्या आईचं बोट टोचतात, ते मला कधीच कळणार नाही आणि त्यांना कळवायला माझ्याजवळ रस्ता नाही. मधुवंतीबाईंना लिहिलं, उत्तर आलं नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. तेच मशीन आता दुसऱ्या नावानं, दुसऱ्या रंगात मिळतं आहे. आणि माझा मजकूर लोकांनी जसाच्या तसा उचलला आहे. सात-आठ पानांवर मी तो बघितला. कोण कुठले लोक लिहितात, ‘माझ्या आईसाठी मी हेच घेतलं आहे.’ काढा म्हणून सगळ्यांना कळवलं. एकानं उलट विचारलं, कमिशन किती मिळतं तुम्हाला? केदारला सांगितलं तर तो म्हणाला, एवढं मनावर घेऊ नको, सगळीकडे हेच चाललं आहे.

गेल्या रविवारी दुपारी तृप्ती बाजारात गेली होती तेव्हा मी मायला सगळं सांगितलं. तिला लिंक, पान, कमिशन यातलं काही कळणार नाही असं वाटत होतं. सगळं कळलं. तिनं विचारलं, ‘कित्ती भेटले त्याचे तुला?’ मी म्हणालो, ‘छत्तीस रुपये.’ तिनं पायावरची चादर नीट केली. मला वाटलं ती रडेल किंवा शिवी देईल. ती म्हणाली, ‘मशीनचं सोड. तुला काय म्हायती, तू काय डाक्टर न्हाईस. पण जावई तिला बोलून राह्यले व्हते, तवा तू तिथंच उभा व्हतास ना? मंग बोलला का न्हाईस?’ तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी तृप्तीची वाट बघते. मी रागावलेलो नाही. ती योग्यच करते आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. मायची जखम भरत नाही. काल डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या वरून पुन्हा कापावं लागेल, येत्या शुक्रवारी सकाळी. तिचं हृदय कमजोर झालं आहे, किडनीवर परिणाम आहे. टेबलावरून ती परत येईलच असं ते म्हणत नाहीत. आणि नाही कापलं तर किती दिवस, तेही त्यांनी सांगितलं. मायनं ‘कापा’ म्हटलं आणि मग म्हणाली, ‘आधी अक्षताला आणा. तिला वाटून राह्यलं तिनं माझा पाय घेतला. ते तसंच ठेवून मी जाणार न्हाई.’ तू बिलकुल काही केलेलं नाहीस, ताई. तू दर सोमवारी वेळेवर, नीट, खरं तेच लिहीत होतीस. हे पत्र दाजींना वाचायला दे. त्यांच्या भावांनाही दे. व्हरांड्यात जितके होते त्या सगळ्यांना दे, मी नाकारणार नाही. तू गुरुवारी संध्याकाळपर्यंत ये. तृप्ती तुला घ्यायला स्टेशनवर येईल. मी दोन दिवस कंपनीत रात्रपाळी मागून घेतली आहे आणि दिवसा केदारच्या खोलीवर थांबेन, त्यामुळे तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही, माझ्यासमोर जेवावंही लागणार नाही. शुक्रवारी दवाखान्यात मी खाली, फाटकाजवळ असेन. रक्त लागलं, सही लागली तर तृप्तीला हाक मारायला सांग. एरवी मी वर येणार नाही.

तुझाच,
राजानंद